शोधण्याआधी डोळ्याला वावर ओळखू द्या

वर्धा जिल्ह्यात पेरणी उरकली की शेतकऱ्याच्या वाट्याला एक काम येते आणि कापूस घरी येईपर्यंत ते संपत नाही. ते काम म्हणजे शोधणे. पऱ्हाटीतली डोमकळी शोधायची, सोयाबीनमधले पिवळे पडू लागलेले झाड शोधायचे, तुरीच्या शेंगेवरचे छिद्र शोधायचे, वेचलेल्या कापसातली कवडी शोधायची. कीड पहिल्या दोन-चार झाडांवर असतानाच नजरेस पडली तर उपाय स्वस्तात होतो. वावरभर पसरल्यावर दिसली तर औषधाचा पैसाही जातो आणि बोंडेही जातात. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, हे वर्ध्याच्या कापूस उत्पादकांना सांगायला नको. बाहेरून हिरवीगार, भरलेली दिसणारी बोंडे फोडल्यावर आतून पोखरलेली निघाली होती.

फवारणीची मात्रा किती, सापळे किती, अंतर किती, हे सगळे आपण विचारतो. ज्या डोळ्यांनी शोध घ्यायचा ते काम कसे करतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. डोळ्याचा एक स्वभाव शेतकऱ्याने जरूर समजून घ्यावा. समोर जो रंग सतत असतो, त्याला डोळा सरावतो. हा सराव शोधाला मोठी मदत करतो आणि काही वेळा पुरता चकवतोही. दोन्ही प्रसंग ओळखता आले तर एक रुपया खर्च न करता निरीक्षण सुधारते.

सराव म्हणजे नेमके काय

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. कोणत्या प्रकारच्या पेशी किती चेतवल्या गेल्या, याची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. एकच रंग बराच वेळ समोर राहिला की त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनक्षमता उतरते. पेशींमधला हा बदल काही सेकंदांत सुरू होतो. मेंदूच्या पातळीवरचा सराव सावकाश होतो, त्याला काही मिनिटे लागतात.

याची खात्री घरच्या घरी करता येते. हळदीच्या पिवळ्या रंगाचा एखादा कपडा उजेडात अंथरा आणि त्याच्या मधोमध एका ठिपक्यावर अर्धा मिनिट नजर रोखून धरा. मग लगेच पांढऱ्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर कपड्याच्या आकाराचा निळसर डाग दिसेल. भिंत पांढरीच आहे. पिवळ्याला सरावलेल्या डोळ्याने पांढऱ्यातला पिवळा अंश वजा केला, म्हणून उरलेला निळसर भाग वर आला.

हेच वावरातही होते. हिरव्या पिकात काही मिनिटे फिरले की डोळा हिरव्या रंगाची दखल कमी घेऊ लागतो आणि त्या हिरव्यात न बसणारा रंग उठून दिसू लागतो.

सरावाने शोध सोपा होतो

अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठातले मायकल वेबस्टर आणि त्यांचे सहकारी या विषयावर अनेक वर्षे काम करत आले आहेत. त्यांच्या गटाचा 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. त्यात लोकांना आधी ठरावीक रंगांच्या दृश्यांचा सराव दिला आणि मग तशाच रंगांच्या पार्श्वभूमीवर वेगळ्या रंगाची एक खूण शोधायला सांगितली. पार्श्वभूमीला डोळा सरावलेला असला की वेगळ्या रंगाची खूण लवकर सापडते, असे त्यात दिसून आले.

याच गटाने 2007 साली ऋतूंबरोबर निसर्गातले रंग कसे बदलतात याची मोजणी प्रसिद्ध केली. त्यासाठीची काही छायाचित्रे आपल्या देशातल्या पश्चिम घाटात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घेतलेली होती. ओल्या ऋतूकडून कोरड्याकडे जाताना सगळ्या दृश्याचे सरासरी रंग पिवळट बाजूला सरकतात. वर्ध्याच्या माणसाला हे डोळ्यांनी ठाऊक आहे. ऑगस्टमधले वावर आणि नोव्हेंबरमधले वावर यांचा रंग एक नसतो. म्हणून डोळ्याचा सरावही एकदाच करून भागत नाही. हंगाम पुढे सरकतो तसा तो पुन्हा करावा लागतो, आणि एका पिकातून दुसऱ्या पिकात गेल्यावरही करावा लागतो.

आता निरीक्षणाची नेहमीची पद्धत आठवा. गाडी धुऱ्याला लावायची, गॉगल डोक्यावर सरकवायचा, फोनवर एक नजर टाकायची आणि थेट पहिल्या तासातले पहिले झाड तपासायचे. त्या क्षणी डोळा डांबरी रस्त्याला, उन्हाच्या झळीला, गॉगलच्या काचेला आणि फोनच्या पडद्याला सरावलेला असतो. पिकाला नसतो. म्हणजे सुरुवातीची झाडे आपण सर्वांत कच्च्या नजरेने पाहतो.

धुऱ्यावरची पाच मिनिटे

पुढचा क्रम पाळायला सोपा आहे.

1. रंगीत काचेचा गॉगल किंवा हेल्मेटची रंगीत काच वावराच्या धुऱ्यावरच काढा. तपासणी अर्धी झाल्यावर गॉगल काढू किंवा घालू नका, नाहीतर डोळ्याला पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागते. फवारणी करताना डोळ्यांचे संरक्षण हवेच, पण त्यासाठी बिनरंगी पारदर्शक काचेचा चष्मा घ्या.

2. पाचेक मिनिटे पिकाकडेच पाहत एक फेरी मारा. काही शोधू नका. आकाशाकडे, चकाकणाऱ्या पत्र्याकडे, फोनकडे पाहू नका. सूर्य पाठीशी ठेवा.

3. काय शोधायचे आहे ते मनात पक्के करा. शक्य असेल तर खात्रीची एक डोमकळी किंवा रोगट पान प्रत्यक्ष पाहून घ्या. नजरेला हवी ती वस्तू नुकतीच दिसलेली असेल तर शोध लवकर लागतो.

4. मग नागमोडी चालत एकरी 20 झाडे तपासा. एकाच तासातली सलग झाडे घेऊ नका.

5. परतताना सुरुवातीची चार-पाच झाडे पुन्हा पाहा. तोवर तुमची नजर पिकाला आणखी पक्की सरावलेली असते.

6. अर्धा-पाऊण तास झाला की थांबा, पाणी प्या, डोळे मिटून बसा. पुन्हा उठल्यावर मिनिटभर पिकावर नजर फिरवून मगच पुढे जा.

तपासलेले झाड आणि सापडलेली कीड वहीत लिहीत चला. यालाही कारण आहे. हार्वर्डच्या जेरेमी वुल्फ यांच्या गटाने 2005 साली दाखवून दिले की शोधायची वस्तू निम्म्या वेळा समोर येत असेल तर माणूस ती सुमारे 7 टक्के वेळा हुकवतो, पण शंभरात एकदाच येत असेल तर हुकण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर जाते. बरीच झाडे निरोगी दिसली की मन आधीच ‘काही नाही’ असे ठरवून टाकते. हंगामाच्या सुरुवातीला कीड अशीच विरळ असते आणि ती सापडण्याची किंमतही तेव्हाच सर्वांत जास्त असते. प्रत्येक झाडासाठी वहीत एक खूण करायची सवय लावली तर डोळा नुसता वरून घसरत नाही.

कुठे रंगावर विसंबायचे, कुठे आकारावर

सरावलेल्या डोळ्याला वेगळा रंग लवकर दिसतो. पण वेगळा दिसणारा प्रत्येक रंग हा रोग नसतो आणि प्रत्येक कीड रंगाने वेगळी नसते.

कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. हिरव्याला सरावलेल्या नजरेला ही गुलाबी फुले सर्वांत आधी दिसतात आणि शोध घेणारा तिकडेच ओढला जातो. पण गुलाबी होणे हा फुलाचा नेहमीचा धर्म आहे. डोमकळी ओळखायची ती आकाराने. आतली अळी पाकळ्या धाग्याने बांधून घेते, त्यामुळे फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. तेव्हा फुलांच्या दिवसांत रंग सोडा, न उमललेले तोंड शोधा. अशी डोमकळी दिसली की तोडून अळीसकट नष्ट करा.

हिरव्या बोंडाच्या बाबतीत तर बाहेरून पाहून काहीच उपयोग होत नाही. लहान अळी आत शिरते आणि तिने केलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. म्हणून वेगवेगळ्या झाडांवरची मध्यम आकाराची 20 हिरवी बोंडे तोडून फोडून पाहायची. इथे डोळ्यापुढची पार्श्वभूमी एकदम बदलते. हिरव्याला सरावलेला डोळा ओल्या पांढऱ्या धाग्यावर येतो आणि वर ऊन असले तर दिपतो. बोंड आपल्या अंगाच्या सावलीत धरा आणि क्षणभर थांबून मग पाहा. वाढ झालेली गुलाबी अळी पांढऱ्या धाग्यावर लगेच दिसते. लहान अळी मात्र गुलाबी नसते, ती पांढरट असते. पांढऱ्यावर पांढरी अळी रंगाने सापडत नाही. तिचे गडद तपकिरी डोके शोधा, बोंडाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला पडलेले गोल छिद्र शोधा, पोखरलेली सरकी शोधा. ‘गुलाबी बोंडअळी’ या नावामुळे फक्त गुलाबी रंगच शोधणाऱ्याच्या हातून लहान अळ्या निसटतात.

वीस बोंडांत दोन बोंडे किडलेली निघाली, म्हणजे 10 टक्के झाली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ किंवा अधिक नर पतंग सापडले तरी हाच इशारा आहे. सापळा आपल्या नजरेवर अवलंबून नसतो, म्हणून एकरी दोन सापळे लावून रोज मोजणी ठेवणे हा डोळ्याच्या चुकांवरचा चांगला उतारा आहे.

तूर आणि हरभऱ्यावरची घाटेअळी अनेकदा पिकाच्याच रंगाची असते. तिथेही अळीऐवजी तिच्या खुणा शोधा. शेंगेवरचे किंवा घाट्यावरचे गोल छिद्र, पानांवर पडलेली विष्ठा आणि कुरतडलेले कोवळे शेंडे रंगावाचूनही ओळखता येतात.

सराव दगा देतो तेव्हा

आता दुसरी बाजू. डोळा जसा निरोगी हिरव्याला सरावतो, तसाच रोगट रंगालाही सरावतो.

कपाशीवर लाल्या आला की पाने कडेने लालसर होऊ लागतात. पाच-दहा झाडे अशी असतील तर ती लगेच दिसतात. निम्मे वावर तसे झाले की थोड्याच वेळात तोच रंग नेहमीचा वाटू लागतो आणि नुकसान आहे त्यापेक्षा कमी भासते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरतो तेव्हाही असेच होते. रोज वावरात जाणाऱ्या मालकाला पिवळेपणा जाणवत नाही आणि आठ-पंधरा दिवसांनी आलेला पाहुणा धुऱ्यावरूनच सांगतो की पीक पिवळे पडते आहे. यात मालकाचा हलगर्जीपणा नाही. हळूहळू होणारा बदल रोज पाहणाऱ्याच्या नजरेत मुरून जातो.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, निरोगी पान हातात ठेवा. वावरातल्या सर्वांत चांगल्या झाडाचे, त्याच उंचीवरचे एक पान तोडून घ्या आणि प्रत्येक संशयित पानाशेजारी धरून तुलना करा. डोळा एकटा रंग ओळखण्यात चुकतो, दोन रंग शेजारी ठेवले की फरक पटकन सांगतो. भातासाठी पानांच्या रंगाची पट्टी वापरतात ती याच तत्त्वावर. पान सुकले की बदला.

दुसरा, आठवड्यातून एकदा ठरावीक जागेवरून, ठरावीक वेळेला फोनने छायाचित्र घ्या. चौकटीत वहीचा एक पांढरा कागद जरूर ठेवा. फोनचा कॅमेराही समोरच्या उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो. दोन छायाचित्रांतला कागद सारखाच पांढरा दिसत असेल तरच पिकाच्या रंगाची तुलना खरी.

तिसरा, शेजाऱ्याला बोलवा. त्याच्या वावरात तुम्ही जा, तुमच्या वावरात तो येऊ द्या. दोघांचीही नजर एकमेकांच्या पिकाला सरावलेली नसते. निंदणाला जाणाऱ्या घरातल्या बायांनाही विचारा. त्या दिवसभर झाडाच्या बुडाशी वाकून काम करतात, त्यांना जे दिसते ते उभ्याने चालणाऱ्याला दिसत नाही.

उजेड बघून काम ठरवा

सकाळचे ऊन कोवळे असताना तपासणी करावी हे उत्तम. भर दुपारी पानांवर चकाकी येते आणि रंग पांढुरके दिसतात. दिवस मावळल्यावर तर रंगाचा शोध घेऊच नका. उजेड कमी झाला की शंकूपेशींचे काम मंदावते आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी पुढे येतात. त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किंजे या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवले होते. संध्याकाळी लाल फूल काळपट दिसते आणि त्याच झाडाचे हिरवे पान मात्र त्या मानाने उजळ दिसते. लाल्याची किंवा गुलाबी अळीची पाहणी त्या वेळी केली तर हाती काही लागणार नाही.

वेचलेल्या कापसाच्या निवडीलाही हाच नियम लागू आहे. कवडी कापूस, किडीमुळे डागाळलेला पिवळट कापूस आणि पालापाचोळा वेगळा काढला तर चांगल्या मालाचा भाव टिकतो. ही निवड रात्री पिवळ्या दिव्याखाली करू नका. डोळा दिव्याच्या पिवळ्यालाच पांढरे मानू लागतो आणि पिवळट कापूस चांगल्या कापसात मिसळून जातो. निळ्या ताडपत्रीच्या छताखालीही करू नका, कारण तिच्यातून झिरपणारा उजेड निळा असतो. दिवसा, मोकळ्या उजेडाच्या सावलीत, ओसरीत किंवा गोठ्याच्या दाराशी बसून निवड करा. खाली फिकट राखाडी किंवा मळखाऊ रंगाचा कपडा अंथरा. शेजारी खात्रीच्या पांढऱ्या कापसाचा एक पुंजका ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे पाहा.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची ओळखच गडद रंगाने आहे, त्यामुळे निवडताना रंगाची पारख महत्त्वाची. पण तासभर पिवळ्या ढिगाकडे पाहिले की तोच पिवळा नेहमीचा वाटू लागतो आणि रंग किती गडद आहे याचा अंदाज चुकतो. अशा कामात दर काही वेळाने नजर उठवून दूर, झाडांकडे किंवा साध्या भिंतीकडे पाहावी आणि नमुन्याचे एक हळकुंड हाताशी ठेवावे. कारंजा, आष्टी, आर्वीकडे संत्र्याची प्रतवारी करणाऱ्यांनीही असेच करावे. नमुन्याचे फळ समोर असले की दिवसाच्या शेवटी निवडलेला माल सकाळच्या मालाशी जुळतो.

बोरच्या जंगलात जाताना

सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे जाणाऱ्यांनाही याच गोष्टी उपयोगी पडतात. फाटकातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे फोन बाजूला ठेवा, रंगीत गॉगल काढा आणि जंगलाचा रंग डोळ्यात भरू द्या. पावसाळ्यानंतरच्या हिरव्यात वाघाचा केशरी रंग माणसाला वेगळा दिसतो. हरणाला तो तसा दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि केशरी त्याला हिरव्यासारखाच भासतो. उन्हाळ्यात सागाची पाने गळून जंगल तपकिरी झाले की माणसाचाही हा फायदा उणावतो. तेव्हा रंगामागे लागू नका. हालचाल पाहा, आडव्या फांद्यांमध्ये उभे पट्टे पाहा, कानामागचे पांढरे ठिपके पाहा.

डोळा कुणाचा, हेही पाहा

काही जणांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हा दोष आनुवंशिक असून स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. अनेकांना तो असल्याचे आयुष्यभर कळतही नाही. हिरव्या पानांतली लाल फुले किंवा फळे इतरांना पटकन दिसतात आणि तुम्हाला दिसत नाहीत, असे वारंवार होत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या पाटीची साधी तपासणी करून घ्या. ही इशिहारा चाचणी 1917 पासून जगभर वापरात आहे. दोष निघाला तर लाज वाटण्याचे कारण नाही. रंगाची पाहणी पत्नी, मुलगी किंवा भावाकडे सोपवा आणि आकारावर, छिद्रांवर, सापळ्यांवर स्वतः लक्ष ठेवा.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते. ते इतके हळू होते की डोळा त्यालाही सरावतो आणि माणसाला रंग बदलल्याचे जाणवत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर जग एकदम निळसर आणि लख्ख दिसू लागते. नव्या भिंगातून दिसणाऱ्या रंगांचा डोळ्याला पूर्ण सराव व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. ऑपरेशन नुकतेच झालेल्या वडीलधाऱ्यांवर तेवढे दिवस कापसाच्या किंवा हळदीच्या रंगाचा निवाडा सोपवू नका. आणि नजर धूसर झाली असेल तर ‘वयोमानाने असेच’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, औषध महाग आहे, मजुरी महाग आहे. नजर मात्र तुमची स्वतःची आहे. तिला धुऱ्यावर पाच मिनिटे द्या, निरोगी पान हातात ठेवा, दिवसाच्या उजेडात पाहा आणि पाहिलेले वहीत लिहा. येत्या आठवड्यात एका वावरात हा क्रम पाळून पाहा आणि पहिल्या फेरीत सुटलेले परतीच्या फेरीत किती सापडते ते स्वतः मोजा. तो आकडा तुम्हाला पुढचा हंगामभर हा क्रम पाळायला लावील.